जिल्हा परिषद शाळेतलं इंग्रजी : शिक्षक आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणि जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी इंग्रजीबद्दल जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना पहिली ते पाचवीच्या मराठी शाळा डोळ्यांसमोर आहेत. काही प्रश्न पालकांचे, काही शिक्षकांचे. दोघांनी एकमेकांचेही वाचावेत.

मराठी शाळेत इंग्रजी कितवीपासून असतं?

पहिलीपासून. जून २००० पासून महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. त्याआधी मराठी शाळेत ते पाचवीपासून असायचं. आज पस्तिशी ओलांडलेल्या पालकांना आपली पाचवी आठवते आणि मराठी शाळेत अजून तसंच असेल असं वाटतं. प्रवेशाच्या वेळी ही एक गोष्ट स्पष्ट सांगितली तरी निम्मी काळजी मिटते.

२०२५ मध्ये जो वाद पेटला तो तिसऱ्या भाषेचा, म्हणजे पहिलीपासून हिंदीचा होता. त्याबाबतचे शासन निर्णय रद्द करत असल्याचं सरकारने २९ जून २०२५ रोजी जाहीर केलं. इंग्रजीच्या तासाला त्यात धक्का लागला नाही.

सेमी म्हणजे नक्की काय?

सेमी इंग्रजीत गणित आणि वरच्या वर्गांत विज्ञान इंग्रजीतून असतं, बाकी सगळं मराठीतून. साध्या मराठी माध्यमात इंग्रजी हा एक विषय असतो. इंग्रजी माध्यमात मराठी हा एक विषय उरतो. शाळेच्या पाटीवर ‘सेमी’ लिहिलेलं असलं, तरी कोणत्या वर्गापासून कोणता विषय इंग्रजीतून चालतो हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या. शाळेगणिक फरक असतो.

इंग्रजी माध्यमात घातल्याशिवाय मुलाला इंग्रजी येणार नाही, हे खरं ना?

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या आई-वडिलांची तळमळ मात्र खरी आहे. मुलाला पुढे नोकरीच्या मुलाखतीत, कॉलेजात, बँकेत खाली मान घालावी लागू नये म्हणून ते पोटाला चिमटा काढून फी भरतात. त्यांना उपदेश करून उपयोग नाही. वर्गात काय घडतं ते त्यांना दाखवावं लागतं.

इंग्रजी माध्यमाच्या पुष्कळ स्वस्त खासगी शाळांत शिकवणाऱ्या बाईंचं स्वतःचं शिक्षण मराठीतून झालेलं असतं. मुलं घोकतात, प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घेतात, वह्या सुंदर दिसतात. पण ‘वॉटर सायकल’ची पाच वाक्यं धडाधड म्हणणाऱ्या मुलीला विहिरीचं पाणी उन्हाळ्यात का आटतं हे विचारलं, की ती गप्प होते. तिला ते ना इंग्रजीत सांगता येतं, ना मराठीत. हे नुकसान फक्त भाषेचं नाही, विचार करण्याचंही आहे.

ग्रामीण मुलांना कितपत वाचता येतं हे बघणाऱ्या ‘असर’ या पाहणीचा आकडा बघा. ग्रामीण भारतात पाचवीतल्या मुलांपैकी इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचू शकणारी मुलं २०१६ मध्ये २४.७ टक्के होती आणि २०२२ मध्ये २४.५ टक्के. हा आकडा सरकारी आणि खासगी शाळांचा मिळून आहे. इंग्रजी पुस्तकात आहे, पाटीवर आहे, तरी ते मुलाच्या तोंडी आणि डोळ्यांत उतरायला काहीतरी वेगळं लागतं.

लागतात तीन गोष्टी. मुलाला एका भाषेत तरी अर्थासह वाचता आलं पाहिजे. रोज थोडा वेळ कामापुरती का होईना, इंग्रजी कानावर पडली पाहिजे. आणि चुकीचं बोललं तरी कुणी हसणार नाही याची खात्री हवी. हे तिन्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत होऊ शकतं आणि कित्येक ठिकाणी होतंही.

मग कायदा मराठी माध्यमच का सक्तीचं करत नाही?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावं असं म्हटलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य तर आठवीपर्यंत व त्यापुढेही, घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे. पण कर्नाटक सरकारने प्राथमिक वर्गांना मातृभाषेचं माध्यम सक्तीचं केलं, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी निकाल दिला, की सरकार मातृभाषेचं माध्यम लादू शकत नाही, निवड पालकांची. त्यामुळे मराठी शाळेला आपली जागा कामातूनच टिकवावी लागणार, आणि पालकांच्या नजरेत ते काम बहुतेक वेळा इंग्रजीच्या तासावरून मोजलं जातं. म्हणून हा तास मला इतका जिव्हाळ्याचा वाटतो.

इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची की नाही?

बोलायची, पण कुठे ते ठरवून.

आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणजे ओळीमागे ओळ भाषांतर: ‘धिस इज माय हाउस, हे माझं घर आहे’. मुलं हुशार असतात. मागून मराठी येणारच आहे हे कळलं, की ती इंग्रजी ओळीकडे कान देणं सोडतात. दुसरं टोक म्हणजे ‘आता मराठी बंद’ आणि मराठी बोलल्यास दंड. अशा वर्गात पहिल्या बाकावरची चार मुलं बोलतात, बाकीची भिंतीकडे बघतात.

मी दुसरीच्या वर्गात पाहिलेला एक तास सांगते. बाईंनी पोषण आहाराच्या पिशवीतून कांदा, बटाटा, टोमॅटो, वांगं आणि मूठभर मिरच्या आणून टेबलावर मांडल्या. खेळ काय हे त्यांनी मराठीत दोन वाक्यांत सांगितलं: ‘मी नाव घेईन, ज्याची पाळी त्याने ती वस्तू उचलून मी सांगेन त्याला द्यायची.’ त्यानंतर पंधरा मिनिटं बाईंच्या तोंडून फक्त इंग्रजी. ‘पिक अप द अन्यन. गिव्ह इट टू आरती.’ एका मुलाने बटाटा उचलला. बाईंनी ‘नाही, चुकलं’ म्हटलं नाही. कांद्याकडे बोट करून ‘द अन्यन’ एवढंच पुन्हा म्हणाल्या. त्याने बटाटा ठेवला, कांदा घेतला. मधेच एक मुलगी ओरडली, ‘बाई, मिरची खाली पडली!’ बाई म्हणाल्या, ‘येस, द चिली फेल डाउन. पिक इट अप.’ तिने उचलली. तासाच्या शेवटी पोरंच सूचना देत होती. ‘गिव्ह इट टू बाई’ असं एकाने म्हटलं, आणि ते अगदी बरोबर होतं.

यातून जो नियम निघतो तो सोपा आहे. खेळाची मांडणी, अवघड कल्पना, मुलाचं रडणं, आजारपण, रागावणं आणि कौतुकाचे मनापासूनचे शब्द मराठीत. रोजच्या सूचना, वस्तू, रंग, आकडे, हालचाली, हजेरी, गाणी इंग्रजीत. मूल मराठीत उत्तर देत असेल तर ते स्वीकारा आणि तेच इंग्रजीत सहज परत म्हणा. त्याच्याकडून लगेच वदवून घेऊ नका. काही मुलं तीन-चार महिने नुसतं ऐकतात आणि मग एक दिवस बोलू लागतात. तो ऐकण्याचा काळही शिकण्यातच धरायचा.

माझंच इंग्रजी कच्चं आहे. मी कसं शिकवू?

हा प्रश्न शिक्षण परिषदेत जाहीरपणे कुणी विचारत नाही. चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारतात. तुम्ही एकटे नाही. मराठी शाळेत शिकून, मराठीतून डी.एड. करून आलेल्या शिक्षकांवर २००० सालापासून पहिलीचं इंग्रजी येऊन पडलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते निभावलं.

पहिली ते चौथीला शिकवायला अस्खलित इंग्रजी लागत नाही. वर्गात रोज लागणारी साधारण साठ-सत्तर वाक्यं अचूक, न अडखळता आणि योग्य उच्चारांत यायला हवीत. उठा, बसा, रांगेत या, वही काढा, जोडीदाराला विचारा, कोण गैरहजर आहे, किती जण जेवायला, खिडकी उघड, पुन्हा म्हण, छान प्रयत्न. ही वाक्यं लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. आठवड्याला पाच नवी घ्या आणि तीच सगळीकडे वापरा: परिपाठात, मैदानावर, हात धुताना. महिन्याभरात जीभ वळते.

उच्चाराची शंका असेल तर मोबाइलवर शब्द ऐका. मुलांसमोर ऐकलंत तरी चालेल. ‘चला, हा शब्द कसा म्हणतात ते आपण मिळून ऐकू’ असं म्हणणाऱ्या बाईंचा मान कमी होत नाही. उलट शोधून काढायचं असतं हे मुलांना कळतं.

शिक्षकांचे छोटे गट खूप कामाला येतात. ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टच्या साहाय्याने राज्यात राबवलेल्या ‘तेजस’ उपक्रमात हाच विचार होता: मोठ्या सभागृहातल्या प्रशिक्षणाऐवजी जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांनी नियमित भेटायचं, एक कृती करून बघायची, पुढच्या वेळी अनुभव सांगायचा. उपक्रम असो वा नसो, तुमच्या केंद्रात चार जण असे भेटू शकतात. पहिली दहा मिनिटं फक्त इंग्रजीत बोलायची. चुकत, अडखळत, पण इंग्रजीत.

आधी एबीसीडी की आधी आवाज?

आधी कान, मग आवाज, मग अक्षर. अक्षरांची नावं पाठ व्हायला वेळ लागत नाही, पण वाचायला ती फारशी उपयोगी पडत नाहीत. ‘सी-ए-टी’ भराभर म्हटलं तर ‘सीएटी’ होतं, ‘कॅट’ होत नाही. एच या नावात ‘ह’ ऐकू येत नाही, डब्ल्यूत ‘व’चा पत्ता नाही. ज्या मुलाला ‘क’ पाहिला की ‘क’ म्हणायची सवय आहे, त्याला हा गोंधळ वाटणारच.

इथे मराठी शिकलेलं मूल मागे नसून पुढे असतं. ‘क’चा पाय मोडला की ‘क्’ होतो हे त्याला माहीत आहे. ॲ आणि ऑ ही चिन्हं बॅट, कॉट, डॉक्टरमुळे ओळखीची आहेत. बाराखडीत आवाज जोडायची सवय झालेली आहे. मग फळ्यावर क् + ॲ + ट् लिहा, जोडून म्हणायला सांगा, आणि त्याच्याच खाली इंग्रजी अक्षरं लिहा. काही आठवडेच हा आधार वापरा आणि मग देवनागरी पुसा. पुस्तकातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने मराठी उच्चार लिहून देण्याची सवय मात्र लावू नका. मूल मराठी ओळ वाचतं, इंग्रजी ओळ डोळ्यांआडच राहते.

सगळी सव्वीस अक्षरं संपेपर्यंत शब्दांसाठी थांबू नका. एस, ए, टी, पी, आय, एन या सहाच अक्षरांच्या आवाजांतून सॅट, पिन, टॅप, नॅप, सिट, पॅन, टिन असे कितीतरी शब्द तयार होतात. पहिल्याच महिन्यात ‘मला इंग्रजी वाचता येतं’ हा आनंद मुलाला मिळतो. बी आणि डी उलटे लिहिणं दुसरीपर्यंत अगदी सामान्य आहे, त्यावर लाल रेघा मारू नयेत.

आणि एक. ज्या मुलाला मराठी अजून वाचता येत नाही, त्याला इंग्रजी ऐकवा, बोलवा, पण वाचनाची घाई आधी मराठीत करा. छापलेल्या खुणांतून अर्थ निघतो ही जाण एकदाच यावी लागते. ती ओळखीच्या भाषेत लवकर येते आणि पुढे इंग्रजीलाही पुरते.

आमची मुलं ठरावीक चुका करतात. का?

कारण ती मराठीत विचार करतात, आणि तसंच करायला हवं. ‘मी आंबा खातो’मध्ये क्रियापद शेवटी, म्हणून ‘आय मँगो ईट’. मराठीत ‘वर’, ‘खाली’ नावानंतर लागतात, म्हणून ‘टेबल ऑन’. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीत, म्हणून ‘धिस इज पेन’. ‘मी’ला ‘आय ॲम’ असंच पाठ केलेलं, म्हणून ‘आय ॲम गो’, ‘आय ॲम लाइक मँगो’. प्रश्न विचारताना मराठीत शब्दांचा क्रम बदलत नाही, म्हणून ‘व्हॉट यू आर डूइंग?’

या चुका नियम सांगून जात नाहीत, तयार सांगाडे तोंडात बसले की जातात. ‘आय लाइक...’ हे सहा दिवस फक्त आवडीच्या खाण्यावर, खेळावर, माणसांवर घ्या. ‘आय लाइक पुरणपोळी’, ‘आय लाइक माय आजी’. शब्द मराठी चालेल, सांगाडा इंग्रजी हवा. मग ‘आय डोन्ट लाइक...’ कारलं, गृहपाठ, डास! वर्ग हसतो आणि सांगाडा बसतो.

उच्चारांत ‘व’ सांभाळा. इंग्रजीतले दोन वेगळे ‘व’ आपण एकच करतो. व्हॅनला दात खालच्या ओठाला टेकतात, वॉटरला ओठांचा चंबू होतो. आरसा आणा, मुलांना आपापलं तोंड बघू द्या. शिप आणि शीपमधला फरकही ऐकवावा लागतो, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिण्यात जपतो, बोलण्यात फारसं नाही. बाकी आपला मराठी सूर राहिला तर राहू द्या. समोरच्याला कळलं म्हणजे झालं.

बोलताना चूक झाली तर लगेच सुधारायची?

नाही. बोलणं पुरं होऊ द्या, बरोबर वाक्य तुम्ही सहज म्हणा. लिखाणात एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा.

सेमीच्या गणितात मुलं अडकतात. काय करावं?

कल्पना मराठीत, वस्तू हातात, शब्द दोन्ही भाषांत. हातच्याची वजाबाकी काड्यांच्या गठ्ठ्यांवर मराठीत समजू द्या. समजल्यावर तेच ‘सबट्रॅक्ट’ म्हणून करायला पाच मिनिटं लागतात. उलट क्रमाने गेलात तर कल्पना आणि शब्द दोन्ही डोक्यावरून जातात. बालभारतीच्या वरच्या वर्गांच्या मराठी गणित-विज्ञानात पारिभाषिक शब्दांशेजारी इंग्रजी शब्द कंसात छापलेले असतात, त्यांचा तक्ता करून भिंतीवर लावा. आंध्र प्रदेशात समोरासमोरच्या पानांवर तेलुगू आणि इंग्रजी असलेली पाठ्यपुस्तकं काढली गेली. अशी सोय आपल्या प्रत्येक सेमी वर्गाला मिळावी असं मला फार वाटतं.

संख्यांचं एक वेगळं प्रकरण आहे. ‘ट्वेंटी थ्री’मध्ये वीस आधी, तीन नंतर, जसं लिहितो तसंच. ‘तेवीस’मध्ये उलट. म्हणून कित्येक मुलांना इंग्रजी आकडे सोपे जातात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी वाचनाची रीत दिली, त्यावर केवढं काहूर उठलं ते आठवत असेल. अडचण खरी होती. पण सेमीतलं मूल बाजारात भाजीवाल्या मावशींनी ‘सत्तेचाळीस झाले’ म्हटल्यावर गोंधळत असेल, तर त्याच्या गणिताचा त्याला काय उपयोग? दोन्ही मोजण्या रोज घ्या. पोषण आहाराची ताटं मोजताना एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी.

आमच्या मुलांची घरची भाषा मराठी नाही. त्यांना इंग्रजी ही तिसरीच भाषा.

मेळघाटातली कोरकू, नंदुरबारकडची भिली आणि पावरी, गडचिरोलीतली गोंडी, बंजारा तांड्यावरची गोरमाटी, सोलापूरच्या सीमेवरची कन्नड. या मुलांना पहिलीत मराठीच नवी असते. त्यांच्यासाठी ‘मराठीत समजावून सांगा’ हा सल्ला अपुरा आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले सरांनी मुलांच्या घरची भाषा लक्षात घेऊन पाठ्यपुस्तकातला मजकूर त्या भाषेत आणला. २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझमुळे त्यांचं हे काम जगाने पाहिलं. आपण निदान शंभर शब्दांची तीन रकान्यांची वही करू शकतो: घरची भाषा, मराठी, इंग्रजी. शब्द मुलांनी आणि त्यांच्या आजी-आजोबांनी सांगायचे, आपण देवनागरीत लिहायचे. आपली भाषा गुरुजी वहीत लिहून घेतात हे पाहिल्यावर मुलाचा संकोच जातो, आणि मग ते तिन्ही भाषांत बोलायला लागतं.

दोन शिक्षक, पाच वर्ग. इंग्रजीला वेगळा वेळ कुठून आणू?

बोलण्याचा भाग सगळ्या वर्गांचा एकत्र घ्या. गाणं, सूचनांचे खेळ, चित्रावर गप्पा यांना इयत्ता लागत नाही. वीस मिनिटांनंतर चौथी-पाचवीची मुलं पहिली-दुसरीला शब्द वाचून दाखवतील. ‘ताई, हे काय?’ असं विचारणारं लहान मूल समोर असलं, की पाचवीची मुलगी शब्द विसरत नाही.

घरी आम्हाला कुणालाच इंग्रजी येत नाही. आम्ही काय करावं?

मुलाकडून शिका. रोज संध्याकाळी ‘आज कोणते दोन शब्द शिकलास?’ विचारा आणि स्वतः म्हणून बघा. तो तुम्हाला सुधारेल आणि खूश होईल. घरात इंग्रजी छापलेलं पुष्कळ असतं: खताची गोणी, औषधाची पट्टी, बिस्किटाचा पुडा, मोबाइलचा पडदा. ‘यातलं एखादं अक्षर ओळख’ एवढं म्हणा. पाहुण्यांसमोर ‘जरा इंग्रजी बोलून दाखव’ असं मात्र कधी म्हणू नका. आणि त्याच्याशी मराठीतून भरपूर बोला, गोष्टी सांगा. मराठीत शब्द कमी पडणाऱ्या मुलाला इंग्रजीतही सांगण्यासारखं काही सुचत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी कधी सुरू करावी?

मराठी माध्यमाच्या मुलांना शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा म्हणून इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुणांना असतात. परीक्षेच्या वर्षात सरावसंच सोडवावेत, त्याआधी नको. तिसरीतच पर्यायांवर गोल करायला बसवलेली मुलं वाक्य वाचायचंच सोडतात, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

इंग्रजीच्या मागे लागून आपण मराठीला दूर करतोय का?

सावित्रीबाई फुले यांनी एकोणिसाव्या शतकात मराठी कवितेतून शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं, कारण ज्ञानाची दारं त्यांना बंद होती. ती मागणी आजही न्याय्य आहे. वस्तीवरच्या, तांड्यावरच्या मुलीला इंग्रजी मिळालंच पाहिजे, तेही सरकारी शाळेत, विनाशुल्क आणि चांगलं. पण सावित्रीबाईंनी हे मराठीत लिहिलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मराठी मागे पडते ती इंग्रजीचा तास घेतल्याने नव्हे. वाचनपेटीतली मराठी पुस्तकं कपाटात कुलपाखाली राहतात तेव्हा ती मागे पडते. कपाट उघडं ठेवा.

शिक्षकाची बदली झाली की वर्गाचं इंग्रजी कोसळतं. यावर उपाय?

सेमीचे वर्ग बंद पडण्याचं हे मोठं कारण आहे. एका उत्साही शिक्षकावर उभी राहिलेली गोष्ट त्याच्या बदलीबरोबर जाते. म्हणून वर्गाची एक वही ठेवा. मुलांना येणारी गाणी, तोंडात बसलेले सांगाडे, वाचता येणारे शब्द, कोणतं मूल अजून फक्त ऐकतं आहे, हे दर महिन्याला एका पानावर लिहायचं. व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते पान वाचून दाखवायचं, म्हणजे गावालाही माहीत राहील. कार्यमुक्त होताना दाखल्यांच्या फायलीबरोबर ही वही नव्या शिक्षकाच्या हातात द्या, आणि शक्य असेल तर एक पूर्ण दिवस दोघांनी मिळून वर्ग घ्या.